शिंपिणीचा कापूस

एक होती गॅलरी. गॅलरीत तेलाचा डबा. डब्यात माती. मातीत वांग्याचं झाड. झाडाला दोन मोठी पानं. पानं शिवून केलेलं एक घर. आणि त्या घरात राहायची शिंपीण.

शिंपीण म्हणजे मशीनवर बसून फ्रॉक शिवणारी बाई नव्हे हं. शिंपीण म्हणजे पाखरू. चिमणीहून लहान. पाठ हिरवी. टोपी तांबूस. शेपूट सदा उभं. चोच हीच तिची सुई. चालायची टुण टुण. बोलायची टुवी टुवी.

शिंपिणीच्या घरात होता कापूस. मऊ मऊ. कापसात होती अंडी. एक, दोन, तीन. शिंपीण त्यांच्यावर बसायची. अंडी गरम गरम राहायची. तिला आणखी काही नको होतं.

एके दिवशी शिंपिणीला लागली भूक. ती उडाली भुर्र. पेरूच्या झाडावर गेली. अळी खाल्ली. चोच पुसली. लगेच परत आली. टुण टुण. घरात डोकावली.

कापूस नाही.

अंडी होती. पण नुसत्या पानावर. बाहेर पाऊस पडत होता. गार वारा येत होता. सूं सूं. शिंपिणीनं अंड्यांना चोच लावून पाहिली. मघाशी गरम होती. आता कोमट झाली होती.

शिंपिणीला रडू आलं. टुवी, टुवी. माझा कापूस कुणी नेला?

कुणी नेला, ते मला माहीत आहे. तुम्हालाही सांगते. पण शिंपिणीला इतक्यात सांगू नका हं.

गॅलरीमागच्या घरात राहायची ओजू. ओजू होती तीन वर्षांची. ओजूला झाली होती सर्दी. पावसात जायचं नव्हतं. म्हणून आईनं घरातच खेळ मांडले. परातीत रवा ओतला. रव्यात बोटानं रस्ते काढायचे. सर्र सर्र. बादलीत पाणी भरलं. पाण्यात वाट्या सोडायच्या. डुबुक डुबुक. ताटलीत पिठाची खळ केली. खळ चिकट चिकट. तिच्यात हात बुडवायचे. पचक पचक.

आणि एक होती कापडी पिशवी. डोळे मिटायचे, पिशवीत हात घालायचा, काय लागलं ते सांगायचं. नारळाची शेंडी खरखरीत. चिंचोका गुळगुळीत. घासणी टोचरी. ओजूनं सगळं बरोब्बर ओळखलं.

मग आई म्हणाली, "ओजू, आता एक मऊ वस्तू तू शोधून आण."

आई गेली कुकर लावायला. ओजू निघाली मऊ शोधायला. उशी मऊ होती. पण पिशवीत मावेना. पोळी मऊ होती. ती ओजूनं खाऊन टाकली. मग ओजू गेली गॅलरीत. वांग्याच्या पानांतून काहीतरी डोकावत होतं. पांढरं पांढरं. ओजूनं दोन बोटांनी हळूच ओढलं. कापूस. मऊ मऊ. अंडी आत खोल होती. ती तिला दिसलीच नाहीत. ओजूनं कापूस पिशवीत घातला आणि टाळ्या वाजवल्या.

ओजू काही वाईट मुलगी नव्हती. तिला ठाऊकच नव्हतं, कुणाची तरी गादी आपण ओढली. पण गादी गेली ती गेलीच.

इकडे आजोबा बसले होते खिडकीशी. आजोबा रोज दुपारी वाती वळायचे. संध्याकाळी देवापुढे लावायला. त्या दिवशी त्यांच्या पुडीतला कापूस संपला. आजोबांच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता. ते चाचपत राहिले. हाताला लागली पिशवी. पिशवीत हात घातला. शेंडी लागली, सोडली. घासणी लागली, सोडली. मऊ मऊ काहीतरी लागलं.

हा बघा माझा कापूस, आजोबा म्हणाले. आणि लागले वाती वळायला. वळ वळ वळ.

शिंपिणीनं ते खिडकीतून पाहिलं. तिचा कापूस. तिचाच. आजोबा त्याची वात करत होते. दिवेलागण झाली की वात पेटणार. वात पेटली की कापूस जळणार.

शिंपीण आत आली. टुण टुण. आजोबांच्या गुडघ्याशी उभी राहिली.

"आजोबा, आजोबा, माझा कापूस द्या."

"का गं शिंपिणी, काय झालं?"

"अंडी माझी गार पडतात,
मी आता काय करू?"

आजोबा थांबले. त्यांनी कापूस डोळ्यांजवळ नेला. लांब नेला. पुन्हा जवळ नेला.

"वाईट वाटतं गं मला. पण कापूस तो कापूस. तुझा कुठला नि माझा कुठला? मला दिसत नाही. चष्म्यातून दिसलं तर देईन. दुसऱ्याची वस्तू मी ठेवायचा नाही."

आणि ते पुन्हा वाती वळायला लागले. वळ वळ वळ. आजोबा स्वभावानं गरीब, पण एकदा काम हातात घेतलं की सोडत नसत.

शिंपीण गेली चष्म्याकडे. टुण टुण. चष्मा होता टेबलावर.

"चष्म्या, चष्म्या, आजोबांना दाखव."

"का गं शिंपिणी, काय झालं?"

"आजोबा कापूस देईनात,
अंडी माझी गार पडतात,
मी आता काय करू?"

"वाईट वाटतं गं मला. पण मी आहे तुपानं माखलेला. ओजूला बघायचं होतं, काच किती गुळगुळीत. तिनं तूप लावून बघितलं. मग आजोबांनी बनियननं पुसलं. तूप आणखीच पसरलं. फडक्यानं पुसलं तर दाखवीन."

शिंपीण गेली फडक्याकडे. टुण टुण. फडकं होतं खुर्चीवर. पण कसं? पापडासारखं. ताठ आणि कडक.

"फडक्या, फडक्या, चष्मा पूस."

"का गं शिंपिणी, काय झालं?"

"चष्म्यातून काही दिसेना,
आजोबा कापूस देईनात,
अंडी माझी गार पडतात,
मी आता काय करू?"

"वाईट वाटतं गं मला. पण मला ओजूनं खळीत बुडवलं. पचक पचक. मग पंख्याखाली ठेवून विसरली. मी वाळून कडक झालो. आता पुसलं तर काचेला ओरखडे पडतील. पाण्यानं भिजवलं तर पुसीन."

शिंपीण आधी घराकडे धावली. अंड्यांना चोच लावून पाहिली. मघाशी कोमट होती. आता थोडी गार झाली होती. शिंपीण त्यांच्यावर क्षणभर बसली. पण बसून कसं चालेल? खिडकीत आजोबा वळत होते. वळ वळ वळ.

शिंपीण गेली पाण्याकडे. टुण टुण. पाणी होतं बादलीत. वर वाट्या तरंगत होत्या. शिंपीण बादलीच्या काठावर बसली. वाकली. चोच ओली झाली.

"पाण्या, पाण्या, फडकं भिजव."

"का गं शिंपिणी, काय झालं?"

"फडकं चष्मा पुसेना,
चष्म्यातून काही दिसेना,
आजोबा कापूस देईनात,
अंडी माझी गार पडतात,
मी आता काय करू?"

"वाईट वाटतं गं मला. पण मी पडलो बादलीत. मला ना पाय, ना पंख. वाट्या सोडल्या, वाट्या बुडवल्या, आणि ओजू गेली निघून. कधीचा असाच बसलोय. तांब्यानं ओतलं तर येईन."

शिंपीण गेली तांब्याकडे. टुण टुण. तांब्या होता परातीत. रव्यात अर्धा बुडालेला.

"तांब्या, तांब्या, पाणी ओत."

"का गं शिंपिणी, काय झालं?" तांब्याचा आवाज अगदी दबका आला.

"पाणी फडकं भिजवेना,
फडकं चष्मा पुसेना,
चष्म्यातून काही दिसेना,
आजोबा कापूस देईनात,
अंडी माझी गार पडतात,
मी आता काय करू?"

"वाईट वाटतं गं मला. पण माझ्या पोटात बघ. रवाच रवा. ओजूनं मुठीमुठीनं भरला आणि वरून दाबला. पाणी घेऊ कुठे? मला कुणी उपडं केलं तर ओतीन."

म्हणतात, हात फिरे तिथे लक्ष्मी वसे. ओजूचा हात फिरे तिथे पसारा वसे. आता तुम्हीच सांगा, तांब्या उपडा कुणी करायचा? ज्यानं भरला त्यानंच.

शिंपीण शोधत शोधत गेली ओजूकडे. टुण टुण. ओजू खोलीत नव्हती. पलंगावर नव्हती. ओजू होती दाराच्या मागे. भिंतीला टेकून बसली होती. दोन्ही हात फ्रॉकच्या आत लपवले होते. नाक वाहत होतं. पण पुसायला हात बाहेर येत नव्हते.

"ओजू, ओजू, तांब्या उपडा कर."

"का गं शिंपिणी, काय झालं?"

"तांब्या पाणी ओतेना,
पाणी फडकं भिजवेना,
फडकं चष्मा पुसेना,
चष्म्यातून काही दिसेना,
आजोबा कापूस देईनात,
अंडी माझी गार पडतात,
मी आता काय करू?"

ओजूनं मान वर केली.

"कोणता कापूस?" तिनं विचारलं. "वांग्याच्या झाडातला?"

"हो. तोच. ती माझ्या अंड्यांची गादी."

तिचे डोळे भरले. मग ती अगदी हळू म्हणाली, "तो मी नेला."

शिंपिणीनं तिच्याकडे पाहिलं. खरं म्हणजे तिला राग आला होता. खूप आला होता. पण रागवायला वेळ होता कुठे?

ओजूनं हात बाहेर काढले. अर्धेच काढले. आणि परत आत घातले.

"मला वाईट वाटतंय. खूप वाईट वाटतंय. पण आई म्हणाली, आता कशालाही हात लावायचा नाही. आई म्हणाली, तुझे हात घर बुडवतात. म्हणून मी हात लपवलेत. आई म्हणेल, तर लावीन."

असं झालं होतं. कुकर लावून आई बाहेर आली होती. तिनं पाहिलं तुपाचा चष्मा. पाहिलं पापडाचं फडकं. पाहिला जमिनीवर रवा. आणि आईचा आवाज चढला. आई लोकांचे आवाज कधी कधी चढतात. मग उतरायला जरा वेळ लागतो.

शिंपीण पुन्हा घराकडे धावली. अंड्यांना चोच लावून पाहिली. मघाशी थोडी गार होती. आता गार झाली होती. बाहेर उजेड कमी होत चालला होता. दिवेलागण जवळ आली होती.

शिंपीण गेली ओजूच्या आईकडे. टुण टुण, टुण टुण. आई होती स्वयंपाकघरात. ओट्याला टेकून उभी. समोर चहा. चहावर साय आली होती. आईनं तो प्यायलाच नव्हता.

"ओजूच्या आई, ओजूच्या आई, ओजूला हात लावू द्या."

"का गं शिंपिणी, काय झालं?"

शिंपिणीला धाप लागली होती. तरी तिनं सगळं सांगितलं.

"ओजू हात लावेना,
तांब्या पाणी ओतेना,
पाणी फडकं भिजवेना,
फडकं चष्मा पुसेना,
चष्म्यातून काही दिसेना,
आजोबा कापूस देईनात,
अंडी माझी गार पडतात,
मी आता काय करू?"

आईनं ऐकलं. आईला वाटलं, आता ही म्हणेल, तुमची मुलगी चोर. पण शिंपीण तसं म्हणाली नाही. ती नुसती उभी राहिली. शेपूट खाली. पंख ओले.

इतका वेळ सगळे काय म्हणाले होते? वाईट वाटतं, पण. वाईट वाटतं, पण. आईलाही वाईट वाटलं. पण आई "पण" म्हणाली नाही.

आई धावत दाराच्या मागे गेली. जमिनीवर बसली. अगदी ओजूएवढी झाली. तिनं आपल्या पदरानं ओजूचं नाक पुसलं.

"मऊ आण, असं मीच म्हणाले," आई म्हणाली. "कुणाचं आहे ते विचारून आण, असं सांगायला विसरले. आणि मग तुझ्या हातांवरच ओरडले. चुकलं माझं. काढ बाळा हात बाहेर. आता हे हात हवेत."

ओजूनं हात बाहेर काढले. दोन्ही. पूर्ण.

मग काय?

ओजूनं हात लावला. तांब्या उपडा केला. सर्र सर्र.

तांब्यानं पाणी ओतलं. बुडबुड बुडबुड.

पाण्यानं फडकं भिजवलं. चुळुक चुळुक. फडकं झालं मऊ.

फडक्यानं चष्मा पुसला. आईनं जरा साबण लावला. घास घास.

चष्मा आजोबांच्या नाकावर बसला. चष्म्यातून दिसायला लागलं.

आणि आजोबांनी पाहिलं. कापसात एक पीस होतं. हिरवं. नखाएवढं. वातीच्या कापसात पीस कुठून येणार? आजोबांनी हातातली वात खाली ठेवली. अरेरे, म्हणाले. किती वेळ मागत होती बिचारी, आणि मी बसलो वळत.

आजोबांनी वाती उलगडल्या. एक उलगडली. दुसरी उलगडली. बोटांनी पिंजून पिंजून कापूस मोकळा केला. पण एक वात आधीच तुपात भिजली होती. तिचा आता कापूस होणार नव्हता. आजोबांनी ती उचलली, पाहिली आणि परत ठेवली. कापूस आला. पण थोडा कमी आला.

आजोबांनी तो शिंपिणीला दिला का? नाही. त्यांनी तो ओजूच्या हातावर ठेवला.

"नेला तू," आजोबा म्हणाले. "द्यायचाही तूच."

ओजू गॅलरीत गेली. वांग्याच्या झाडाशी उभी राहिली. तळहात उघडा. तळहातावर कापूस. हलायचं नाही. बोलायचं नाही. शिंकायचं तर मुळीच नाही. आणि ओजूला सर्दी. बघा तिची काय अवस्था झाली असेल.

पण ओजू हलली नाही.

शिंपीण आली. टुण टुण. कठड्यावर बसली. तळहाताकडे पाहिलं. ओजूकडे पाहिलं. मान वाकडी केली. पुढे आली. मागे गेली. पुन्हा पुढे आली. मग टुणकन ओजूच्या बोटावर बसली. इवले इवले पाय. गुदगुल्या झाल्या. ओजूनं ओठ घट्ट मिटले.

शिंपिणीनं चोचीत कापूस धरला. भुर्र. घरात ठेवला. परत आली. पुन्हा कापूस धरला. भुर्र. पुन्हा आली. असं करत करत तळहात रिकामा झाला.

शिंपीण घरात शिरली. चोचीनं कापूस पसरला. अंडी सरकवली. एक, दोन, तीन. आणि त्यांच्यावर बसली. तिचं जे होतं, ते तिला मिळालं.

"शिंपिणी, चुकलं माझं," ओजू म्हणाली.

शिंपीण काही बोलली नाही.

ओजूनं पुन्हा म्हटलं. जरा मोठ्यानं. शिंपीण तरीही बोलली नाही. ओजूला वाटलं, चुकलं म्हटलं की संपतं. तिनं आईकडे पाहिलं. आई म्हणाली, आपण म्हणायचं ते म्हटलं. आता तिला बसू दे. आता आपण थांबायचं.

थांबणं हा खेळ ओजूला अजिबात आवडत नसे. पण ती थांबली.

संध्याकाळी आजोबांनी देवापुढे दिवा लावला. एकच वात होती. तुपात भिजलेली. आजोबांनी हात जोडले. "देवा," ते म्हणाले, "आजची वात आमची नव्हे. शिंपिणीची आहे."

दिवस गेले. पाऊस पडला, पाऊस थांबला. ओजूची सर्दी बरी झाली. आईनं परत परातीत रवा ओतला. परत पिशवीत वस्तू भरल्या. ओजू वस्तू आणायची. पण आणायच्या आधी विचारायची. हे कुणाचं? हे कुणाचं? चमचा आणताना चमच्यालाही विचारायची. आजोबा हसायचे. ओजू हसायची नाही.

गॅलरीत मात्र ती रोज जायची. लांब उभी राहायची. कान द्यायची. पानांतून काही ऐकू येत नसे. शिंपीण बसलेली असे. नुसती बसलेली.

मग एके सकाळी आवाज आला.

ची.

अगदी बारीक.

ची ची. ची ची.

आईनं ओजूला कडेवर घेतलं. दोघी लांबूनच डोकावल्या. पानांच्या आत चोची होत्या. पिवळ्या पिवळ्या. उघड्या. एक. दोन.

"आणि तिसरं?" ओजूनं विचारलं.

तिसरं अंडं होतं. कापसात. तसंच.

आईनं तिला घट्ट धरलं. "तिसरं गार पडलं गं ओजू."

ओजूनं पुन्हा आत पाहिलं. मग आईच्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणाली, "माझ्यामुळे."

"आपल्या दोघींमुळे," आई म्हणाली.

दोघींना रडू आलं. दोघी रडल्या. आजोबा दारात उभे होते. त्यांनी चष्मा काढून पुसला. तो तर स्वच्छच होता.

तेवढ्यात आली शिंपीण. टुण टुण. चोचीत अळी. कठड्यावर बसली. समोर ओजू होती. अगदी समोर. शिंपीण उडाली नाही. तिनं ओजूकडे पाहिलं. एकदाच पाहिलं. आणि ओजूच्या डोळ्यांसमोरून आपल्या घरात गेली.

ची ची. ची ची. एकाला भरवलं. दुसऱ्याला भरवलं. मग पंख पसरून बसली. दोन्ही पिल्लांवर. आणि त्या अंड्यावरही.

गोष्ट आपली इथे बसली. पिल्लं तिकडे पानात निजली. आता आपणही बोलायचं, ते हळू.